चोवीस खाटांचा तयार नकाशा: फुली, चौक की फणी?

जळगावातलं एक वास्तुकार-कार्यालय लहान गावांतल्या डॉक्टरांसाठी २४ खाटांच्या रुग्णालयाचा तयार नकाशा विकतं. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, पाचोरा अशा ठिकाणी स्वतःचा प्लॉट असलेल्या आणि लॉजसारखी इमारत नको असलेल्या डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून हा संच केलेला आहे. ‘फुली’, ‘चौक’ आणि ‘फणी’ असे तीन पर्याय आहेत. एका पर्यायाला ३५,००० रुपये पडतात. त्यात १४ पानं आणि दोन फेरबदल मिळतात. आरसीसीची ड्रॉइंग आणि माती परीक्षण वेगळं. तिन्ही पर्यायांत पुढचा भाग एकच आहे: ओपीडी, प्रयोगशाळा, प्रसूतिगृह, ऑपरेशन थिएटर. फरक मागच्या वॉर्डांत आहे, म्हणून हे परीक्षणही वॉर्डांपुरतंच.

सोबत एक रंगीत पुस्तिका येते. तिन्ही आराखडे पंधराव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपीय रुग्णालयांवरून घेतल्याचं ती सांगते, आणि ते खरं आहे. आपल्याकडे बहुतेक नर्सिंग होम म्हणजे मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि प्रत्येक खोलीत स्प्लिट एसी. त्यापेक्षा हे तिन्ही पर्याय कितीतरी बरे. पण या कार्यालयाने त्या जुन्या इमारतींचा जमिनीवरचा आराखडा तेवढा उचलला आणि उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसणारी छताची, खिडक्यांची, झरोक्यांची रचना, तिथेच सोडला. मिस्त्रीच्या भाषेत प्लॅन घेतला, सेक्शन राहिलं. त्या इमारतींचा निम्मा शहाणपणा सेक्शनमध्ये होता.

फुलीपासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत तीच आहे. मिलानच्या ओस्पेदाले माज्जोरे या रुग्णालयाचं काम १४५६ मध्ये तिथला ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झाने सुरू करवलं. आराखडा फिलारेते या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंतोनिओ आवेर्लिनोचा. एक फुली पुरुषांची, एक बायकांची, दोन्हींच्या मध्ये मोठा चौक, आणि प्रत्येक फुलीच्या चार कोपऱ्यांत चार लहान चौक. पुस्तिका म्हणते की फुलीचा आकार हवा खेळती राहावी म्हणून शोधला गेला. हे चूक आहे. फुली आली ती वेदीसाठी. फुलीच्या चारही हातांतल्या, म्हणजे चार बाजूंच्या दालनांतल्या, रुग्णांना खाटेवरून न उठता मधली पूजा दिसली पाहिजे, हा हिशेब होता. रोममध्ये पोप सिक्स्टस चौथ्याने १४७० च्या दशकात सान्तो स्पिरितो रुग्णालय नव्याने बांधलं. तिथे सुमारे १२० मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशा एकाच सरळ दालनाच्या मध्यावर अष्टकोनी मनोरा उभारून त्याखाली वेदी ठेवली. कारण तेच. स्पेनमध्ये सान्तियागो, तोलेदो आणि ग्रानादाला वास्तुकार एन्रिके एगासच्या नावावर असलेली रुग्णालयंही फुलीच्याच घराण्यातली.

वेदीच्या जागी सिस्टरचं टेबल ठेवलं की फुली आजही उपयोगी पडते, हा कार्यालयाचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. रात्रपाळीला एकच सिस्टर असते. तिला जागेवरून चारही हात दिसतात आणि कोणाचं सलाइन संपत आलंय हे कळतं. अडचण अशी की नजर जिथून चौफेर फिरते तिथूनच हवाही चौफेर फिरते. एका हातात खोकला झाला की तो मधल्या चौरसातून उरलेल्या तिन्हींत पोचतो. नकाशात दोन हात पुरुषांचे, एक बायकांचा आणि एक मुलांचा आहे. मिलानला निदान बायका-पुरुषांच्या फुल्या वेगळ्या होत्या. इथे मुलांच्या हाताला काचेचं दार लावा म्हटलं तर नजर राहते, पण हवा अडते आणि मुलांच्या बाजूला वेगळी आरपार हवा द्यावी लागते. ती दिलेली नाही.

मापंही तंग आहेत. प्रत्येक हातात सहा खाटा, एका भिंतीला तीन. दोन खाटांच्या मध्यांतलं अंतर १.८ मीटर. खाट ९० सेंटिमीटरची धरली तर मध्ये ९० सेंटिमीटर उरतात. कागदावर हे चालून जातं. पण खान्देशात रुग्ण एकटा येत नाही. आई, भाऊ, शेजारचा कोणीतरी असतोच, आणि रात्री खाटेशेजारी चटई पडतेच. मग त्या ९० सेंटिमीटरमध्ये ना ऑक्सिजनचा सिलिंडर जातो, ना सिस्टरला वाकता येतं. हाताची रुंदी ६ मीटर आहे. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मीटरच्या खाटा आणि भिंतीपासून १५-१५ सेंटिमीटर वजा केले की मधली वाट १.७ मीटर उरते. एक ट्रॉली जाईल, समोरून दुसरी आली की अडेल. रुंदी ६.६ मीटर आणि खाटांच्या मध्यांतलं अंतर २.१ मीटर मागा. फेरबदलात हे करून देतात.

खाटा मोजायच्या की माणसं, हा प्रश्न पॅरिसमध्ये फार महागात पडला होता. १७७२ च्या डिसेंबरअखेर ओतेल-द्यूला मोठी आग लागली आणि हे रुग्णालय दुरुस्त करायचं की हलवायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. झाक तनों या शल्यविशारदाने १७८८ मध्ये छापलेल्या प्रबंधांत तिथल्या १,२१९ खाटा मोजल्या आहेत: ७३३ मोठ्या, ४८६ लहान. मोठी खाट ५२ फ्रेंच इंच रुंद, म्हणजे जेमतेम १.४ मीटर. तीत चार माणसं निजवली तर प्रत्येकाला १३ इंच, सहा निजवली तर साडेआठ. तिथला मृत्यूचा हिशेब त्याने साडेचार रुग्णांमागे एक असा मांडला आणि शेजारी एडिंबरोचा २५ मागे एक ठेवला. आपल्याकडे एका खाटेवर सहा जण नसतात हे खरं. पण २४ खाटांच्या वॉर्डात रात्री ५० माणसं श्वास घेत असतात, आणि नकाशातला हवेचा तक्ता २४ वर केलेला आहे.

फुलीतली सर्वांत चांगली गोष्ट मात्र कार्यालयाने हातची घालवली. फिलारेतेची खरी करामत संडासात आहे. वॉर्डाच्या भिंतीमागे अरुंद बोळ, बोळात शौचकूप, खाली कालव्याचं वाहतं पाणी, छपरावरचं पावसाचं पाणी त्याच मार्गाने सोडलेलं, आणि दुर्गंधी वर जावी म्हणून भिंतीतून छपरापर्यंत नेलेल्या पोकळ्या. १४६५ मध्ये तो मिलान सोडून गेला. पुढे कित्येक पिढ्या बांधकाम चाललं, मधला भव्य चौक तर सतराव्या शतकात रिकीनी या वास्तुकाराच्या हातून झाला. पण ही योजना त्याने लिहून ठेवली होती. आपल्या नकाशात चारही हातांच्या टोकाला दोन-दोन संडास आहेत. रुग्णाला जवळ पडतात, ते ठीक. पण त्यामुळे इमारतीच्या चार दिशांना चार मलवाहिन्या निघतात आणि सगळ्या फिरून एका सेप्टिक टाकीत आणाव्या लागतात. तापी-गिरणेकाठच्या काळ्या जमिनीत ही लांबीच घात करते. रेगूर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाइपाचे सांधे दरवर्षी थोडे थोडे सरकतात. पाइपाखाली आणि बाजूंनी काळी माती काढून १५ सेंटिमीटर मुरूम भरणं, प्लिंथ (जोतं) ओलांडताना पाइपाभोवती मोठा स्लीव्ह ठेवून त्यात मोकळी फट सोडणं, प्रत्येक वळणावर चेंबर देणं आणि ११० मिलिमीटरच्या पाइपाला ६० फुटांना एक फूट उतार देणं, यांतलं चेंबर सोडून एकही गोष्ट ड्रेनेजच्या पानावर नाही.

आणि दुर्गंधी वर सोडणारा व्हेंट पाइप? दाखवलाय, पण तो खिडकीच्या वरच्या कडेलाच संपतो. तो गच्चीच्या कठड्याच्याही वर न्यायला हवा. नहाणी ट्रॅपची, म्हणजे पाणी धरून दुर्गंधी अडवणाऱ्या वळणाची, गोष्टही सांगायला हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. जो संडास बरेच दिवस वापरला नाही, त्याच्या ट्रॅपमधलं ५० मिलिमीटर पाणी आटतं आणि टाकीतली हवा थेट वॉर्डात येते. कुलूपबंद खोलीच्या ट्रॅपमध्ये आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतण्याचं काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावं. संडास एका भिंतीला एकावर एक आणून एकच उभी वाहिनी केली तर निम्मी कटकट संपते. चौक आणि फणीत तसं केलेलं आहे, म्हणून ड्रेनेजमध्ये ते दोन्ही फुलीपेक्षा वरचढ ठरतात.

चौकाचं मूळ नेहमीच्या रुग्णालयात नाही, साथीच्या रुग्णांना वेगळं ठेवण्याच्या आवारात आहे. मिलानच्या लाझारेत्तो या अशा आवाराचं बांधकाम १४८८ मध्ये सुरू झालं. पावणेचारशे मीटरच्या आसपास बाजू असलेला चौकोन, कडेने २८८ खोल्या आणि बाहेरून पाण्याचा चर. प्रत्येक खोलीचं दार थेट ओवरीत उघडतं, खोलीतून खोलीत जाण्याला वाट नाही. खोलीला दोन खिडक्या, शेकोटी आणि स्वतःचा शौचकूप. मधोमध चारही बाजूंनी उघडं देऊळ, म्हणजे कोणी खोली न सोडता प्रार्थनेत सामील व्हावं. शेकोटीच्या धुराड्याने उबेबरोबर खोलीतली हवाही वर ओढली जायची.

कार्यालयाने याचं जे केलंय ते खान्देशाला शोभतं. ९ मीटर बाजूचा चौक, भोवती २.४ मीटरची ओवरी, आणि एका बाजूला तीन अशा दोन-दोन खाटांच्या बारा खोल्या. ओवरीमुळे भिंतीवर थेट ऊन येत नाही, नातेवाइकांना बसायला जागा होते, क्षयाचा संशयित रुग्ण वेगळा ठेवता येतो. जुन्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिन्हींत आम्हांला हाच पर्याय आवडला, आणि म्हणूनच त्यातल्या चुका जास्त खुपल्या.

पहिली चूक: खोलीच्या बाहेरच्या भिंतीला उघडीच नाही. खिडकी आणि दार दोन्ही चौकाकडे. कारण दिलंय झळांचं, की पश्चिमेचा गरम वारा आत नको. पण हवा शिरते तिला निघायलाही वाट लागते. हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात, समोरासमोरच्या दोन उघडींपैकी लहान उघडीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याला ०.६५ ने आणि मग १,००० ने गुणायचं, की सेकंदाला किती लिटर हवा जाते ते मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत साध्या वॉर्डासाठी दर रुग्णामागे ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या खोलीसाठी १६० लिटर धरलेत. बाहेरच्या भिंतीत छताखाली ६० बाय ४५ सेंटिमीटरचा एक झरोका दिला आणि वारा एक मीटर वेगाने असला, तर १७५ लिटर मिळतात. दोन रुग्णांना १२० पुरतात. पण डासांची जाळी बसली की यातला मोठा वाटा गळतो, म्हणून झरोके दोन हवेत. दोन असले की जाळीविना ३५१ लिटर होतात आणि क्षयाच्या खोलीची ३२० ची गरजही जेमतेम भागते, जाळी मात्र त्या खोलीत खाटेवर लावायची. झरोका डोक्यावर असल्याने झळ अंगावर येत नाही, आणि वर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला की तिरकं ऊन-पाणीही अडतं.

दुसरी चूक कोपऱ्यांची. चारही कोपरे संडास आणि कोठ्यांनी भरून चौक पक्का बंद केलाय. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वास्तुकार जेम्स गिब्जने १७३० पासून एका चौकाभोवती चार सुट्या इमारती बांधल्या आणि कोपरे मोकळे ठेवले. तसे निदान नैर्ऋत्य आणि ईशान्य हे दोन कोपरे उघडे ठेवले तर पावसाळी वारा चौकातून निघून जातो. संडास उरलेल्या दोन कोपऱ्यांत मावतात.

तिसरी चूक नकाशाची नाही, पण नकाशा तिला वाव देतो. चौकावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकून ‘वेटिंग एरिया’ करायची सोय म्हणून छपराचे हुक आधीच दाखवलेत. हे मुळीच करू नका. पत्रा पडला की चौकातली तापलेली हवा वर निघणं थांबतं आणि दुपारी बारा खोल्यांना मिळून एक भट्टी होते. सावली हवी तर हिरवी जाळी ताणा, ती पावसाळ्यात काढता येते.

आता फणी: एका लांब पॅसेजला काटकोनात जोडलेल्या तीन सुट्या इमारती, प्रत्येकी आठ खाटा, मध्ये ४.५ मीटर मोकळी जागा. हा विचार अठराव्या शतकाच्या शेवटाचा. ओतेल-द्यूच्या आगीनंतरच्या त्या वादात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७८५ मध्ये समिती नेमली. लावाझिए, लाप्लास, कुलों असे शास्त्रज्ञ आणि तनों तीत होते. त्यांच्यासमोर वास्तुकार बेर्नार पोआयेचा ५,००० खाटांचा चक्राकार आराखडा होता. त्याआधी १७७४ मध्ये आंत्वान पती या डॉक्टराने मध्यावर शंकूसारखं उंच धुराडं असलेला, आरे काढल्यासारखा आराखडा सुचवला होता. समितीला ही चक्रं पटली नाहीत. १७८७ मध्ये तनों आणि कुलों इंग्लंडला गेले. प्लिमथजवळ स्टोनहाउसचं नौदलाचं रुग्णालय त्यांनी पाहिलं. १७५८ ते १७६२ मध्ये बांधलेलं ते रुग्णालय १,२०० रुग्णांचं, पण ६० वॉर्डांत आणि तीनमजली सुट्या इमारतींत वाटलेलं, आणि त्यांना जोडणारी खांबांची उघडी ओवरी. समितीचा कौल अशाच सुट्या इमारतींना मिळाला. मग क्रांती झाली आणि बांधकाम राहिलं. पॅरिसला तसं लारिबोआझिएर रुग्णालय १८५४ मध्ये उघडलं.

त्याच शतकात दुसरा मार्गही चालू होता, यंत्राचा. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्सने १७४० च्या दशकात भात्यासारखी हवा ढकलणारी यंत्रं केली. ती जहाजांवर, तुरुंगांत, रुग्णालयांत बसली. न्यूगेट तुरुंगावर १७५२ मध्ये ती पवनचक्कीवर चालत होती. यंत्र चांगलं होतं, पण हलवायला माणूस किंवा वारा लागे, आणि माणूस थकला की हवा थांबे. फणीच्या पानांवर मोकळ्या जागेची किंमत कळून घेतल्यासारखी दिसते आणि त्याच पानांवर एक्झॉस्ट पंख्यांवर भिस्त ठेवलेली दिसते. लोडशेडिंगच्या गावात पंख्याचा आकडा हवेच्या तक्त्यात धरूच नये. डेझर्ट कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर हवा आत दमट होऊन साचते, आणि त्याची टाकी आठवड्याला कोरडी करून घासायची, डेंग्यूचे डास तिथेच होतात. स्प्लिट एसी ताजी हवा आणतच नाही, आतलीच थंड करून फिरवतो.

फणीत जोडणारा पॅसेज ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद दाखवलाय. त्यामुळे तीन सुट्या इमारती पुन्हा एकाच हवेच्या होतात आणि फणीला अर्थ राहत नाही. पॅसेजला फक्त कठडा आणि छप्पर हवं. दोन रुळांच्या सरकत्या खिडकीचं आणखी एक असं की १.५ बाय १.२ मीटरची खिडकी निम्मीच उघडते. तक्त्यात १.८ चौरस मीटर लिहिलंय, मिळतात ०.९. बिजागरीचे पल्ले मागा, भाव फार वाढत नाही.

मोकळ्या जागेचं अंतर ४.५ मीटर. आज जमिनीपासून कठड्यापर्यंत उंची ५.१ मीटर आहे, तेव्हा अंतर उंचीपेक्षा थोडं कमी पडतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा इमारतींमध्ये उंचीच्या दुप्पट अंतराचा आग्रह होता, पण तिथे ऊन हवं असतं, इथे सावली. एका मजल्याला हे अंतर आम्हांला चालतं. मात्र पाया वरच्या मजल्याच्या हिशेबाने दिलाय. मजला चढला की उंची ८.७ होते आणि मधली जागा बोळ बनते. मजला चढवायचाच असेल तर आजच ७ मीटर ठेवा. नाहीतर त्या जागेत जनरेटर येईल, मग शेड, मग औषधांचं दुकान. पॅरिसच्या ओतेल-द्यूने तर जागा पुरेना म्हणून सतराव्या शतकात सीन नदीवरच्या पुलावर वॉर्ड बांधले होते.

त्याच वरच्या मजल्यासाठी दाखवलेला रॅम्प सरळ चुकला आहे. चढ ३.६ मीटर, रॅम्पची लांबी २४ मीटर, म्हणजे साधारण पावणेसातास एक. बारास एक हवा. त्याला ४३.२ मीटर आणि वर विसाव्याच्या सपाट जागा लागतात. जागा नसेल तर रॅम्पचा हट्ट सोडून ट्रॉली मावेल अशी लिफ्ट आणि २ मीटर रुंद जिना घ्या. लिफ्टला जनरेटरची जोड लागेल, तो खर्च आधीच धरा.

तिन्ही पर्यायांत एक चूक सारखी आहे आणि ती सेक्शनची. छत ३ मीटरवर, खिडकीचं लिंटेल, म्हणजे वरची आडवी तुळई, २.१ मीटरवर. वरच्या ९० सेंटिमीटरमध्ये तापलेली, वापरलेली हवा कोंडून राहते, वरून स्लॅब तापलेला. अकादमीच्या समितीने खिडक्या छतापर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता तो यासाठीच. लिंटेलवर २.४ ते २.८५ मीटरच्या पट्ट्यात झरोके घ्या, फॉल्स सीलिंग वॉर्डात मुळीच नको, आणि गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करा. छताची उंची ३.६ केली तर आणखी बरं, पण विटा आणि प्लास्टर वाढतं. पैसे मोजकेच असतील तर आधी झरोके.

दिशेबद्दल पानावर फक्त बाण आहे. फणीच्या इमारतींची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, खिडक्या उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेची भिंत बंद आणि शक्य तर दुहेरी. प्लॉट आडवा असेल तर फणी सोडून चौक घ्या. चौकाला दिशेचं फारसं वावडं नाही. फुली २४ खाटांसाठी घेऊ नये. तिचे चार हात तोलायला आवार मोठं लागतं, आणि १४ गुंठ्यांच्या प्लॉटवर कोपऱ्यांतल्या मोकळ्या जागा कचरा टाकण्यापुरत्याच उरतात.

जैववैद्यकीय कचऱ्याची खोली आणि ऑक्सिजनची जागा तिन्हींत ठीक आहे. स्वयंपाकघर नाही. जेवणाचा डबा घरून येतो हे कार्यालयाने ओळखलंय, पण भांडी घासायला मोरीसुद्धा दिलेली नाही, मग ती वॉर्डाच्या बेसिनमध्ये घासली जातात आणि भाताने ट्रॅप तुंबतो. ओवरीच्या टोकाला जाळीची मोरी मागून घ्या.

कार्यालय बोलण्याला बरं आहे, फोन उचलतं, प्लॉटचा सातबारा आणि मोजणीचा नकाशा पाठवला की सीमारेषेनुसार बसवून देतं. पैसे देण्याआधी प्लॅनबरोबर वॉर्डाचं सेक्शन पन्नासास एक मापात मागा. ते तयार संचात नसतं, मागितलं तर मिळतं. दोन फेरबदलांपैकी पहिला सेक्शन, झरोके आणि ड्रेनेजवर खर्चा. दुसरा नगररचना विभागाच्या शेऱ्यांसाठी राखून ठेवा, कारण तिसऱ्याचे पैसे वेगळे पडतात.